केरळचा विनोद : प्रवाशासाठी एक ओळख

अपरिचित प्रदेशाच्या प्रवासाला निघालेला मनुष्य सामान्यतः त्या प्रदेशाचा नकाशा पाहतो, हवामानाची चौकशी करतो, प्रेक्षणीय स्थळांची यादी करतो आणि जमल्यास तेथील भाषेतील चार-सहा शब्द पाठ करतो. तेथील लोक कशाला हसतात, याची चौकशी मात्र क्वचितच केली जाते. विनोद ही फावल्या वेळची गोष्ट आहे, ती तेथे गेल्यावर आपोआप समजेल, असा एक समज असतो. वस्तुतः परक्या समाजातील ज्या गोष्टी सर्वांत उशिरा समजतात त्यांत विनोदाची गणना करावी लागेल. दुःख आणि क्रोध चेहऱ्यावरून ओळखता येतात. थट्टा ओळखण्यासाठी मात्र बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि त्या दोघांमध्ये पूर्वी काय घडून गेले आहे, हे ठाऊक असावे लागते. ते ठाऊक नसले म्हणजे आपुलकीने केलेली थट्टा अपमान वाटते, आणि कधी कधी खरोखरचे दुःख थट्टेचा विषय वाटते. दुसरी चूक पहिलीपेक्षा अधिक गंभीर होय.

या दृष्टीने केरळचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. विनोदाला इतका दीर्घ आणि अखंड इतिहास असलेले प्रदेश भारतात थोडे आहेत. आणि विनोद हे सत्तेविरुद्ध बोलण्याचे साधन म्हणून इतक्या सातत्याने वापरले गेले आहे असे प्रदेश तर त्याहूनही थोडे.

शब्दांतील फसवेपणा

आरंभ शब्दांपासूनच करणे योग्य ठरेल. मलयाळम भाषेत विनोदाला ‘फलितम्’ असा एक शब्द आहे. मराठी वाचकाला फलित म्हणजे निष्पत्ती किंवा परिणाम हा अर्थ परिचित आहे. केरळात मात्र एखाद्याने ‘फलितम्’ सांगितले म्हणजे त्याने विनोद केला. ‘तमाश’ हा शब्दही तेथे रूढ आहे आणि त्याचा अर्थ केवळ गंमत किंवा थट्टेची गोष्ट असा आहे. ढोलकी, सोंगाड्या आणि लावणी यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. एखाद्याची थट्टा करणे या अर्थाचे क्रियापद आहे ‘कळियाक्कुक’. त्यातील ‘कळि’ म्हणजे खेळ. कथकळी या नावात हाच शब्द आहे. थट्टा करणे म्हणजे समोरच्या माणसाचा खेळ करणे. आणि खेळ म्हटला की त्याचे नियमही आलेच. हे नियम कोठून आले, हे पाहण्यासाठी मंदिरातील रंगभूमीकडे वळावे लागते.

मंदिरातील विदूषक

केरळच्या काही मोठ्या मंदिरांच्या आवारात ‘कूत्तंबलम्’ नावाची नाट्यगृहे आहेत. त्रिशूरचे वडक्कुन्नाथन मंदिर आणि इरिंजालकुडा येथील कूडलमाणिक्यम् मंदिर येथील नाट्यगृहे प्रसिद्ध आहेत. येथे चाक्यार समाजातील नट शतकानुशतके ‘कूडियाट्टम्’ हे संस्कृत नाट्य सादर करीत आले. २००१ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशातील श्रेष्ठ कृतींमध्ये त्याचा समावेश केला. या नाट्यात नायक संस्कृतात बोलतो, परंतु विदूषक मलयाळम बोलतो. नायकाच्या श्लोकांचा अर्थ प्रेक्षकांना समजावून देणे हे त्याचे एक काम. आणि त्याच श्लोकांची नक्कल करणारे विडंबनपर श्लोक म्हणणे हे दुसरे. नायक प्रियेच्या विरहाने व्याकूळ झालेला असतो, तेव्हा विदूषकाला जेवणाची आठवण येते.

विदूषकाच्या भूमिकेतील सर्वांत उल्लेखनीय भाग पुरुषार्थांच्या विवेचनाचा आहे. धर्म, अर्थ, काम आणि मोक्ष हे चार पुरुषार्थ साधणे आता शक्य राहिलेले नाही, तेव्हा त्यांच्या जागी दुसरे चार साधावेत, असे तो गंभीरपणे प्रतिपादन करतो. हे चार म्हणजे भोजन, राजसेवा, वेश्यासंगाचा विनोद आणि वंचना. या निमित्ताने राजाचे अधिकारी, मेजवान्यांवर जगणारे ब्राह्मण आणि मंदिरांचे व्यवस्थापक अशा सर्वांची झडती घेतली जाते.

‘चाक्यार कूत्त’ या एकपात्री प्रकारात हा अधिकार आणखी विस्तारला. चाक्यार पुराणातील कथा सांगतो आणि सांगता सांगता समोर बसलेल्या माणसांकडे वळतो. वानरसेनेचे वर्णन चालू असता त्याचे बोट एखाद्या प्रतिष्ठित प्रेक्षकाकडे जाते आणि त्या प्रेक्षकाला तेथे वानर व्हावे लागते. येथे परंपरेचा एक नियम होता. ज्याची थट्टा झाली त्याने उत्तर द्यावयाचे नाही. मग तो राजा का असेना. कोणी हरकत घेतलीच, तर चाक्यार आपले शिरोभूषण उतरवून ठेवी आणि निघून जाई. त्या ठिकाणी पुन्हा कूत्त होत नसे.

हा नियम उदार वाटतो आणि एका मर्यादेत तो उदार होताही. परंतु त्या मर्यादेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. ज्या मंदिरात हा कार्यक्रम होई तेथे समाजातील फार मोठ्या वर्गाला प्रवेशच नव्हता. त्रावणकोर संस्थानात मंदिरे सर्व हिंदूंना खुली करणारी घोषणा १९३६ साली झाली. तोपर्यंत राजाची थट्टा ऐकण्याचा अधिकार काही जातींपुरताच होता. कूत्त मंदिराबाहेरच्या रंगमंचावर आले ते विसाव्या शतकाच्या मध्यास, पैंकुळम् राम चाक्यार यांच्या पुढाकाराने.

अंगणात आलेले हास्य

मंदिराच्या विनोदाला लोकभाषेच्या अंगणात आणण्याचे श्रेय अठराव्या शतकातील कवी कुंचन नंबियार यांना दिले जाते. त्यांचा जन्म सध्याच्या पालक्काड जिल्ह्यातील किळ्ळिक्कुरिश्शिमंगलम् या गावी झाला. चाक्याराच्या कार्यक्रमात ‘मिळावु’ हे मोठे घटवाद्य वाजविणे हा नंबियार समाजाचा व्यवसाय. आख्यायिका अशी की, अंबलप्पुळा येथे एकदा वाजविता वाजविता कुंचन नंबियारांना डुलकी लागली आणि चाक्याराने भर सभेत त्यांची थट्टा केली. नियमाप्रमाणे उत्तर देता येत नव्हते. म्हणून दुसऱ्याच दिवशी त्यांनी शेजारी स्वतःचा एक नवाच नृत्यगायनाचा प्रकार उभा केला आणि चाक्याराचे प्रेक्षक आपल्याकडे ओढून घेतले. हा प्रकार म्हणजे ‘तुळ्ळल’. आख्यायिका अक्षरशः खरी असो वा नसो, ती केरळात आजही आवडीने सांगितली जाते. कारण थट्टेला रागाने उत्तर न देता अधिक चांगल्या थट्टेने उत्तर द्यावे, हा तेथील एक मान्य आदर्श तिच्यात व्यक्त झाला आहे.

तुळ्ळलमध्ये एकच नट गातो, नाचतो आणि अभिनय करतो. साथीला मद्दळम् आणि झांजा असतात. ओट्टन, शीतंकन आणि परयन असे त्याचे तीन प्रकार आहेत. कथा पुराणातील, परंतु पात्रे केरळातील. नंबियारांच्या रचनांत स्वर्ग आणि कुबेराची नगरी यांना केरळातील गावांचे रूप येते. तेथे नायर शिपाई फिरतात, ज्योतिषी भविष्ये सांगतात आणि मेजवानीत पंक्तीवरून भांडणे होतात. ‘कल्याणसौगंधिकम्’ या रचनेत द्रौपदीसाठी फूल आणावयास निघालेल्या भीमाला वाटेत एक म्हातारे वानर आडवे पडलेले दिसते. बलाचा गर्व असलेल्या भीमाला त्या वानराची शेपटीही हलविता येत नाही. ते वानर म्हणजे हनुमान हे श्रोत्यांना आधीपासून ठाऊक असते. भीमाला ठाऊक नसते. अधिकाराच्या जोरावर गुरगुरणाऱ्या माणसाची फजिती पाहण्याचा आनंद श्रोत्यांना येथे मिळतो.

नंबियारांची दुसरी एक कथा प्रवाशाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. राजाने एका नव्या दीपस्तंभाची स्तुती करण्यास कवींना सांगितले. इतरांनी उपमांची रास घातली. नंबियारांनी एवढेच म्हटले, की दीपस्तंभ फारच आश्चर्यकारक आहे आणि आपल्यालाही काही पैसे मिळावेत. आज केरळात एखादा माणूस साहेबाची वाजवीपेक्षा अधिक स्तुती करू लागला, की कोणीतरी हळूच दीपस्तंभाचा उल्लेख करतो. कथा ठाऊक नसलेला पाहुणा अशा वेळी दीपस्तंभ कोठे आहे म्हणून आजूबाजूला पाहू लागतो.

हसणाऱ्या देवाचा प्रश्न

उत्तर केरळातील कण्णूर आणि कासरगोड या जिल्ह्यांत ‘तेय्यम्’ हा विधी होतो. त्यात नट हा नट राहत नाही. वेष धारण केल्यावर तो देवच होतो. हा अधिकार पूर्वी अस्पृश्य गणल्या गेलेल्या व इतर खालच्या मानल्या गेलेल्या जातींकडे आहे. अनेक तेय्यमांपैकी ‘पोट्टन तेय्यम्’ येथे महत्त्वाचे आहे. पोट्टन म्हणजे बहिरा, वेडगळ. कथा अशी की, शिव चांडाळाच्या रूपाने शंकराचार्यांच्या वाटेत उभा राहिला. बाजूला हो, असे सांगितल्यावर त्याने प्रश्न विचारावयास सुरुवात केली. दोघांच्या अंगाला जखम झाली तर निघणारे रक्त वेगळे असेल काय? देवाला वाहिलेली फुले कोणाच्या परसात वाढली? प्रश्न वेडगळाच्या स्वरात विचारले जातात, मध्येच विनोदी बोलणे होते, लोक हसतात. मग तोच पोट्टन धगधगत्या निखाऱ्यांवर आडवा होतो आणि थंडी वाजत असल्याचे सांगतो.

या हास्याचे स्वरूप ध्यानात न घेता जो पाहुणा हा विधी पाहतो, त्याला वेडेविद्रे चाळे करणारा एक मुखवटाधारी मनुष्य तेवढा दिसतो. प्रत्यक्षात त्या क्षणी एरवी मान वर न करणारा मनुष्य देवाच्या मुखाने बोलत असतो आणि ज्यांच्या पूर्वजांनी त्याच्या पूर्वजांना वाटेवरून दूर सारले, ते हात जोडून ऐकत असतात. येथे हसावे की नाही, हा प्रश्न पाहुण्याने स्वतः सोडवू नये. शेजारचे लोक कधी हसतात आणि कधी गप्प होतात, ते पाहावे.

छापील हास्य

वृत्तपत्रांच्या काळात चाक्याराचा अधिकार संपादक आणि व्यंगचित्रकार यांच्याकडे आला. मलयाळममधील पहिले व्यंगचित्र १९१९ साली कोल्लम येथील ज्या मासिकात छापले गेले त्याचे नावच ‘विदूषकन’ होते. त्या चित्राचा विषय दुष्काळ होता, ही गोष्टही सूचक आहे. पुढे मलबारात एम. आर. नायर यांनी ‘संजयन’ या टोपणनावाने लिहिलेल्या लेखांनी लोकांना हसविले. १९०३ ते १९४३ असे अवघे चाळीस वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले. कोझिकोडच्या रस्त्यांवरील धुळीवरून आणि खड्ड्यांवरून त्यांनी नगरपालिकेची जी थट्टा केली ती अजून वाचली जाते. पत्नी आणि एकुलता मुलगा यांच्या मृत्यूनंतर आणि स्वतः क्षयाने आजारी असतानाही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही.

भारतीय व्यंगचित्रकलेत केरळीयांची परंपरा ठळक आहे. कायंकुळम् येथे १९०२ साली जन्मलेले शंकर पिळ्ळै यांचे ‘शंकर्स वीकली’ १९४८ ते १९७५ पर्यंत दिल्लीहून निघत होते. अबू अब्राहम यांनी आणीबाणीच्या काळात, १९७५ च्या डिसेंबरात, राष्ट्रपती स्नानाच्या टबात बसून वटहुकमांवर सही करीत असल्याचे चित्र काढले. ओ. व्ही. विजयन हे मोठे कादंबरीकार आणि तितकेच कठोर व्यंगचित्रकार होते. केरळातील घराघरांत मात्र टॉम्स यांची ‘बोबन आणि मोळी’ ही चित्रमालिका अधिक परिचित होती. ती साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर येत असे आणि त्यामुळे पुष्कळ वाचक ते साप्ताहिक शेवटून वाचावयास सुरुवात करीत.

बशीर यांचे गणित आणि हत्ती

प्रवासापूर्वी एकाच लेखकाचे वाचन करावयाचे असेल तर वैक्कम मुहम्मद बशीर (१९०८–१९९४) यांचे करावे. त्यांच्या कृतींचे अनुवाद अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहेत. ‘बाल्यकालसखी’ या १९४४ सालच्या कादंबरीत शिक्षक लहान मजीदला विचारतात, एक आणि एक किती? त्याने दोन छोट्या नद्या एकत्र येऊन थोडी मोठी नदी झालेली पाहिलेली असते. म्हणून तो सांगतो, की एक आणि एक मिळून जरासा मोठा एक होतो. त्याला छडी बसते. वाचक हसतो, परंतु ते हसू फार काळ टिकत नाही, कारण पुढे हीच कथा दारिद्र्य आणि वियोग यांच्याकडे जाते.

‘माझ्या आजोबांचा एक हत्ती होता’ अशा अर्थाचे शीर्षक असलेल्या त्यांच्या दुसऱ्या कादंबरीत एका पडत्या काळातील मुसलमान घराण्याची कथा आहे. घरातील आई आपल्या वडिलांच्या थोर हत्तीचा अभिमान उठता-बसता सांगते. सर्व वैभव गेले तरी हत्ती शिल्लक असतो, निदान बोलण्यात. अखेरीस शेजारची मुले जाहीर करतात, की तो हत्ती म्हणजे ‘कुळियाना’ होता. मलयाळममध्ये हत्तीला ‘आना’ म्हणतात आणि ‘कुळियाना’ म्हणजे शब्दशः खड्ड्यातील हत्ती. परंतु प्रत्यक्षात ते मातीत नरसाळ्यासारखा खळगा करून मुंग्या पकडणाऱ्या एका क्षुद्र किड्याचे नाव आहे. अनुवादात हा विनोद निसटतो. किड्याचे नाव सांगितले की हत्ती जातो आणि हत्ती सांगितला की किडा जातो. हा एक शब्द ठाऊक असलेल्या वाचकाला मात्र घराण्याच्या अभिमानाविषयी बशीर यांना काय म्हणावयाचे आहे ते पूर्ण कळते. आपल्याच समाजातील अभिमानाची थट्टा बशीर यांनी केली आणि ती प्रेमाने केली. म्हणून ती सर्वांनी स्वीकारली. तीच थट्टा बाहेरच्याने केली असती तर तिचा अर्थ बदलला असता.

बोली, पक्ष आणि परदेश

आजच्या विनोदाचे सर्वांत मोठे क्षेत्र चित्रपट आणि नकलांचे कार्यक्रम हे आहे. कोची येथील कलाभवन या संस्थेच्या कलावंतांनी १९८१ साली नकलाकारांचा एकत्रित कार्यक्रम सादर केला आणि तो प्रकार अतिशय लोकप्रिय झाला. बोलीभेद हे या विनोदाचे एक प्रमुख साधन आहे. इरिंजालकुड्याचे इनोसंट यांच्या बोलण्यातील त्रिशूरकडील हेल किंवा मामुक्कोया यांची कोझिकोडची मापिळा बोली ऐकताच प्रेक्षक हसू लागत. इनोसंट २०१४ साली लोकसभेवर निवडून गेले, यावरून विनोदी नटाविषयी तेथील आदर दिसून येतो.

विषयांमध्ये दोन प्रमुख आहेत. पहिला राजकारणाचा. १९५७ साली निवडणुकीतून कम्युनिस्ट मंत्रिमंडळ सत्तेवर आणणाऱ्या या राज्यात चहाच्या दुकानातही जागतिक राजकारणाची चर्चा चालते. १९९१ च्या ‘संदेशम्’ या चित्रपटात दोन भाऊ परस्परविरोधी पक्षांचे कार्यकर्ते असतात आणि घरातील आई-वडिलांपेक्षा त्यांना पोलंडची चिंता अधिक असते. निवडणुकीतील पराभवाची मीमांसा करणाऱ्या पक्षाच्या विचारवंताला एक साधा कार्यकर्ता विचारतो, की आपण का हरलो ते सोप्या शब्दांत सांगता येणार नाही काय? तेव्हापासून ‘पोलंड’ हा शब्द केरळात वायफळ वादाची खूण झाला आहे.

दुसरा विषय बेकारी आणि स्थलांतर यांचा. १९७० नंतर लाखो केरळीय आखाती देशांत कामाला गेले. १९८७ च्या ‘नाडोडिक्काट्ट’ या चित्रपटातील दोन बेकार तरुण होडीने दुबईला जाण्यासाठी पैसे देतात. किनाऱ्यावर उतरल्यावर ते अरबी पोशाख चढवितात आणि मग पाट्यांवरील तमिळ अक्षरे पाहून त्यांच्या लक्षात येते, की आपण मद्रासला पोहोचलो आहोत. हा प्रसंग पाहून केरळात जे हसले त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरचा कोणीतरी दलालाकडून असाच फसलेला होता. त्या हास्यात फसवणुकीची आठवण होती.

या विनोदाची काळी बाजूही नोंदविली पाहिजे. काळा रंग, स्थूलपणा, बायकी हावभाव आणि दलित व आदिवासी यांची बोली यांवर नकलांच्या कार्यक्रमांनी पुष्कळ हशा मिळविला. त्यावर खुद्द केरळातच टीका होत आली आहे. परंपरा बलवानांवर हसण्याची असली तरी दुर्बलांवर हसण्याचा मोह तिला सुटलेला नाही.

प्रवाशाने काय करावे

या विवेचनातून काही व्यावहारिक सूचना निघतात. केरळातील विनोद बहुधा गंभीर चेहऱ्याने केला जातो. तेव्हा एखादे विधान विलक्षण वाटल्यास ते खरे धरण्यापूर्वी थोडे थांबावे. कोणी आपल्या गावाची, पक्षाची किंवा धर्मातील रूढींची थट्टा करीत असेल तर ती ऐकावी, परंतु तिच्यात भर घालू नये. ती थट्टा घरातील आहे. प्रवाशाने स्वतःबरोबर नेलेल्या विनोदांचीही तपासणी करावी. दक्षिणेकडील सर्वांना ‘मद्रासी’ समजून त्यांच्या हिंदी उच्चारांची नक्कल करण्याची प्रथा हिंदी चित्रपटांनी रूढ केली. १९६८ च्या ‘पडोसन’मधील संगीतशिक्षक हे तिचे ठळक उदाहरण. त्रिशूर आणि तिरुवनंतपुरम् यांच्या हेलांतील फरकावर हसणाऱ्या समाजाला संपूर्ण दक्षिणेसाठी वापरलेला हा एकच हेल अज्ञानाचा वाटतो, आणि तसे वाटणे योग्यच आहे.

शेवटी, पाहुण्याची थट्टा होणारच, हे गृहीत धरावे. ज्याच्याशी ओळख वाढवावयाची नाही त्याच्याशी मलयाळी मनुष्य सभ्यपणे बोलतो. ज्याच्याशी वाढवावयाची आहे त्याची हळूच थट्टा करतो. जुन्या काळी चाक्यारासमोर बसलेल्याला उत्तर देण्याची मुभा नव्हती आणि मंदिराबाहेर उभ्या असलेल्याला ऐकण्याचीही नव्हती. चहाच्या दुकानातील बाकावर हे दोन्ही निर्बंध नाहीत. तेथे पाहुण्याने रागावू नये आणि गप्पही बसू नये. जमेल तसे उत्तर द्यावे. ते फसले तरी चालते. फसलेल्या उत्तरावरही लोक हसतात आणि बाकावर थोडे सरकून जागा करून देतात.